नोकरी सोडण्याआधी एवढं बघ

ठाण्याच्या घोडबंदर रोडचा ट्रॅफिक टळतो, हे नोकरी सोडून घरून स्वतःची कामं (फ्रीलान्सिंग) करायला पुरेसं कारण नाही. आधी घरखर्च कशातून निघणार ते ठरव. तीन-चार छोटी कामं हाताशी असावीत, पण त्यातलं एक रटाळ का असेना, दरमहा पैसे देणारं हवं. हौस बाकीच्यांत भागव.

पैशाचं मात्र नीट ऐक. काम घेताना सगळं ई-मेलवर लेखी घे: काय देणार, पैसे कधी मिळणार. 'दोनदा बदल करून देईन, पुढे जादा आकार' हे लिहायला लाजू नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला एक रुपया देऊ नकोस. ती असली की २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार कंपनीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल चुकतं करावं लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापच. अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात! बिलातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, तुझाच असतो; रिटर्न भरताना तो दाखवायला विसरू नकोस. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

कामाचे नमुने दाखवताना ग्राहकाची परवानगी घे. पाच निवडक पुरेत.

आणि घरच्यांना वेळ सांगून ठेव. नाहीतर 'घरीच आहेस ना' म्हणत सिलिंडर, शेजाऱ्यांची पार्सलं, सोसायटीचा प्लंबर, सगळं तुझ्याच गळ्यात पडेल. वन बीएचके असेल तर कॉलपुरतं बेडरूमचं दार लावून घे. मागे कुकरची शिट्टी वाजली तर वाजू दे, ग्राहकाच्या घरीही वाजतेच.