तीच स्थिती पुन्हा आली तर वेळेचे तुकडे वेगळे कसे काढायचे?

तुमच्या एसक्यूएल डेटाबेसच्या टेबलात आयडी, यंत्र, स्थिती आणि वेळ असे कॉलम आहेत. प्रत्येक स्थिती कधीपासून कधीपर्यंत टिकली ते हवंय, पण 'ग्रुप बाय यंत्र, स्थिती' करून मिन-मॅक्स घेतलं की मधला बंद काळ गायब होतो.

होणारच. समजा नोंदी अशा आहेत: 10:00 चालू, 10:05 चालू, 10:20 बंद, 10:30 चालू. ग्रुप बाय क्रम बघत नाही, सारख्या किमती एकत्र करतो, म्हणून 'चालू, 10:00 ते 10:30' असं उत्तर येतं. आधी प्रत्येक सलग तुकड्याला नंबर द्या, मग त्या नंबरवर ग्रुप करा.

सगळ्यात आतल्या क्वेरीत लॅगने आधीच्या ओळीची स्थिती आणि लीडने पुढच्या ओळीची वेळ घ्या. दोन्हींना 'पार्टिशन बाय यंत्र ऑर्डर बाय वेळ, आयडी' द्या, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या ओळी वेगळ्या धरून वेळेच्या क्रमाने लागतात. आयडी वगळू नका. दोन नोंदींची वेळ एकच असेल तर क्रम भरवशाचा राहत नाही.

त्याच्या बाहेर 'केस व्हेन स्थिती = आधीची देन 0 एल्स 1 एंड' लिहा. अट मुद्दाम बरोबरीची ठेवा. पहिल्या ओळीला आधीची स्थिती नल, म्हणजे रिकामी, असते, तुलना खरी ठरत नाही आणि आपोआप 1 मिळतो. याच 0-1 ची त्याच पार्टिशन आणि क्रमाने चालती बेरीज, म्हणजे सम ओव्हर, हा तुकड्याचा नंबर. आपल्या नोंदींना 1, 1, 2, 3 मिळतील. सम आणि लॅग एकात एक घालता येत नाहीत, म्हणूनच दोन पातळ्या.

शेवटी 'ग्रुप बाय यंत्र, स्थिती, नंबर'. सुरुवात म्हणजे मिन(वेळ). शेवट मात्र मॅक्स(वेळ) नव्हे: त्याने पहिला तुकडा 10:05 ला संपलेला दिसतो, प्रत्यक्षात यंत्र 10:20 पर्यंत चालू होतं. मॅक्स(पुढची वेळ) घ्या.

इथे एक चूक सहज नजरेतून सुटते. शेवटच्या ओळीची पुढची वेळ नल असते आणि मॅक्स नल सोडून देतो. अजून चालू असलेल्या तुकड्यात दोन-तीन नोंदी असतील, तर तो शेवटच्या नोंदीपाशीच संपल्यासारखा दिसतो. लीडभोवती कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावून करंट टाइमस्टॅम्प, म्हणजे आत्ताची वेळ, द्या.

तारखेची अट आतल्या व्हेअरमध्ये टाकू नका, कडेचे तुकडे कापले जातात. तुकडे तयार झाल्यावर 'सुरुवात < मर्यादेचा शेवट आणि शेवट > मर्यादेची सुरुवात' अशी गाळणी लावा. मायएसक्यूएलमध्ये हे सगळं 8.0 पासूनच चालतं.