घरी बनवलेल्या, डेझर्ट नसलेल्या व्हेप (ई-सिगारेट) लिक्विडमध्ये मुख्य फ्लेवरला साथ देणारे फ्लेवर कसे निवडायचे?

तुम्ही लिहिलंय, ‘स्ट्रॉबेरी सपाट लागते म्हणून थोडी व्हॅनिला क्रीम टाकली, आता सहा फ्लेवर झालेत, तरी अंग येत नाही.’ हे वाचलं आणि लिहायला बसलो. याच एका मुद्द्यावरून माझं आणि माझ्या जवळच्या मित्राचं दोन वर्षं वाजतंय.

फळाच्या लिक्विडला क्रीमने अंग, म्हणजे चवीचा भरीवपणा, येत नाही. क्रीम पडली की ते फळाचं लिक्विड राहत नाही, मिल्कशेक होतं. मिल्कशेक हवा असेल तर खुशाल करा, पण मग डेझर्ट नको असं म्हणू नका.

मी सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे वळलो. तयार लिक्विडमध्ये सुक्रॅलोज (कृत्रिम गोडी) इतकं असायचं की लिक्विड तापवणारी तारेची कॉइल बघता बघता काळी पडायची, म्हणून घरी मिक्स करायला लागलो. शिकवलं मित्रानेच, हे मी कधीच नाकारलं नाही. वजनकाटा त्याचा, बाटल्या माझ्या. त्याचा नियम एकच: मुख्य फ्लेवर पातळ लागला की खाली क्रीमची गादी घालायची. त्याला स्वतःला कस्टर्ड आवडतं, म्हणून त्याला जगातली प्रत्येक चव गादीवर बसलेली हवी असते.

माझी पहिली स्वतःची रेसिपी स्ट्रॉबेरीची. टीएफए कंपनीची स्ट्रॉबेरी राइप 5 टक्के, सोबत कपेला कंपनीची स्वीट स्ट्रॉबेरी 2 टक्के, थोडं ड्रॅगनफ्रूट. केलं त्या दिवशी झाकण उघडलं की खोलीभर वास. आठवड्याने तीच बाटली उघडली तर स्ट्रॉबेरी मागे सरकलेली आणि तोंडात नुसता गोडवा. स्ट्रॉबेरीचा हा स्वभावच आहे, स्टीप होताना, म्हणजे मिसळून मुरायला ठेवल्यावर, ती बसते. मित्र म्हणाला, ‘व्हॅनिला क्रीम टाक, 2 टक्के.’ टाकली. स्ट्रॉबेरी आणखी दबली, म्हणून ती 8 टक्क्यांवर नेली. मग गोडी कमी वाटली म्हणून इथाइल माल्टॉल, गोडसर वासाचा फ्लेवर. ते जास्त झालं की बाकीच्या चवींवर पांघरूण पडतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. मग जरा जिवंतपणा यावा म्हणून लिंबू. तिसऱ्या दिवशी त्या क्रीमचं आणि लिंबाचं काय जमलं कोण जाणे, बाटलीतून नासलेल्या दुधाचा वास यायला लागला. 60 मिली ओतून दिलं. मित्राने बाटली हुंगली आणि म्हणाला, ‘क्रीम कमी पडली.’

माझेही सहाच फ्लेवर होते. तेव्हा मी त्याला न विचारता तीच रेसिपी 10 मिलीच्या सहा बाटल्यांत केली, प्रत्येक बाटलीत एक फ्लेवर वगळून. झाकणावर काय वगळलं ते लिहिलं आणि आठवडाभर कपाटात ठेवल्या. तुम्हालाही मी हेच करायला सांगेन, कारण नवीन फ्लेवर घालून जेवढं कळत नाही तेवढं एक काढून कळतं. ड्रॅगनफ्रूट नसलेल्या बाटलीत काहीच फरक नव्हता, म्हणजे ते उगाच बसलं होतं. माल्टॉल नसलेली बाटली जास्त मोकळी. लिंबू नसलेली मंद, पण नासका वास गेलेला. आणि क्रीम नसलेल्या बाटलीत आठवड्यानंतर पहिल्यांदाच स्ट्रॉबेरी समोर उभी होती. थोडी बारीक, पण स्पष्ट.

मग साथीला काय घ्यायचं? मी स्वतःला विचारलं, या फ्लेवरकडे काय नाहीये? खरी स्ट्रॉबेरी चावली की रस सुटतो. बाटलीतल्या फ्लेवरमध्ये वास आहे, गोडवा आहे, रस नाही. म्हणून इनावेरा कंपनीचा कॅक्टस (निवडुंग) फ्लेवर. तो स्वतःच्या नावाने ओळखू येता कामा नये, नुसतं तोंडाला पाणी सुटल्यासारखं वाटलं पाहिजे. प्रमाण 0.4 टक्के. आता 10 मिलीला 0.4 टक्के म्हणजे साधारण 0.04 ग्रॅम, दीड-दोन थेंब, आणि 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा तिथे डळमळतो. म्हणून एक भाग कॅक्टस आणि नऊ भाग पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल, ज्यात फ्लेवर विरघळवतात तो द्रव) असं आधी पातळ करून ठेवलं आणि त्यातलं 0.4 ग्रॅम मोजलं. जोरकस फ्लेवर असेच पातळ करून वापरा, नाहीतर एका थेंबाच्या चुकीने अख्खी बाटली कॅक्टसची होते. अंगासाठी फ्लेवर आर्ट कंपनीचं फुजी ॲपल 1 टक्का. सफरचंद आणि पेअर ही फळं स्ट्रॉबेरीखाली गुपचूप उभी राहतात आणि तिला धरून ठेवतात. फळाला अंग फळानेच येतं.

शेवटी चारच फ्लेवर राहिले: दोन स्ट्रॉबेरी, कॅक्टस, सफरचंद. मित्रासमोर तीन बाटल्या ठेवल्या, झाकणांवर फक्त 1, 2, 3. एकीत त्याची क्रीम, एकीत माझी नवी रेसिपी, एकीत नुसती स्ट्रॉबेरी. त्याने माझी उचलली, संध्याकाळभर तीच ओढली आणि ती माझी आहे हे कळल्यावर म्हणाला, ‘यात थोडी क्रीम असती तर...’

बाकीच्या प्रकारांचं थोडक्यात. थंडावा हवा असेल तर फळात मेन्थॉल नको, डब्ल्यूएस-23 हे थंडावा देणारं रसायन घ्या. मेन्थॉल स्वतःची चव घेऊन येतो, डब्ल्यूएस-23 फक्त गारवा देतं. 30 टक्क्यांचं द्रावण असेल तर 0.5 ते 1 टक्का पुरे. थंडाव्याने गोडी कमी जाणवते, म्हणून गारवा आधी ठरवा, गोडीकडे नंतर बघा. आणि लिंबूवर्गीय काही करत असाल तर काचेची टाकी वापरा, असे फ्लेवर काही प्लास्टिकच्या टाक्यांना तडे पाडतात.

तंबाखूचं गणित वेगळं. तिथे रस नको, कोरडेपणा आणि भाजका वास हवा. त्यासाठी असेटिल पायराझीनचं (भाजका वास देणारं रसायन) 5 टक्क्यांचं द्रावण अर्धा टक्का, किंवा ओक वुड अगदी चिमूटभर, किंवा काळ्या चहाचा फ्लेवर. दोन ते चार आठवडे स्टीप केल्याशिवाय मत बनवू नका. आणि हो, तंबाखूत 0.3 टक्के व्हॅनिला खरंच चांगली लागते, कडा गोल होतात. तिथे मित्राचं बरोबर आहे आणि हे मी त्याला तोंडावरही सांगितलंय. पण तंबाखूत बरोबर म्हणून स्ट्रॉबेरीत बरोबर होत नाही.

हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं. तेलातला कुठलाही फ्लेवर नको, इसेन्शियल ऑइल नको. तेल फुप्फुसात जाता कामा नये, पीजीत विरघळलेलंच घ्या. बाटलीवर ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं असलं तरी ते खाण्यापुरतं आहे, श्वासाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. क्रीम आणि बटरच्या फ्लेवरमध्ये डायअसेटिल किंवा असेटिल प्रोपिओनिल ही लोण्याचा वास देणारी रसायनं असू शकतात. 2000 साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसाचा जो गंभीर आजार झाल्याचं समोर आलं, त्याच्या मुळाशी लोण्याच्या फ्लेवरची वाफ होती आणि त्यात मुख्यतः डायअसेटिल होतं. कारखान्यातलं प्रमाण आणि आपलं प्रमाण एक नाही, मान्य. पण ज्या बाटलीत चवीलाही गरज नाही तिथे ते कशाला ओढायचं? मित्राकडे याचं उत्तर आजवर नाही. दालचिनीचे फ्लेवरही मी वापरत नाही, घशाला बोचतात. निकोटिन मिसळत असाल तर हातमोजे घाला आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलुपात ठेवा. आणि सिगारेट ओढतच नसाल तर या भानगडीत पडू नका.

तुमच्या बाकीच्या चार फ्लेवरची नावं तुम्ही दिली नाहीत, त्यामुळे नेमकी रेसिपी सांगता येत नाही. आधी व्हॅनिला काढा, 10 मिली करा, आठवडा थांबा. मग नावं आणि टक्के इथे खाली लिहा, मी बघतो.