‘सगळंच वाजवतो, मग मी नेमका कोण?’

तिशी ओलांडलेला एक ड्रमर समुपदेशनासाठी माझ्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बँडमध्ये वाजवायचा, सिनेमांना पार्श्वसंगीत द्यायचा, एका नृत्यसंस्थेसाठी रचनाही करायचा. “मॅडम, बँडवाल्यांना मी सिनेमावाला वाटतो, सिनेमावाल्यांना बँडवाला. एक ना धड, भाराभर चिंध्या!”

अशा वेळी ‘अहो, हेच तुमचं वेगळेपण’ असं म्हणून मोकळं होता येतं. मी ते टाळते. एक काम अवघड झालं की दुसऱ्यात पळणारे लोकही असतात. म्हणून आधी विचारलं, “अर्धवट काय काय सोडलंय?” बराच वेळ आठवून त्याने एक अल्बम सांगितला, तोही पैसे संपल्यामुळे राहिलेला. म्हणजे पळणं नव्हतं.

मग कामाबद्दल बोलायला लावलं आणि गडी खुलला. बँडमध्ये दाद जागच्या जागी मिळते. सिनेमात संकलनाच्या वेळी तात्पुरतं लावलेलं दुसऱ्याचं संगीत दिग्दर्शकाच्या कानात बसलेलं असतं. त्याच्याशी झगडून केलेला तुकडा शेवटी संवादांखाली दबतो. नर्तक आठ-आठ मोजतात, याची रचना सात मात्रांची. दोघं कुठे भेटणार हे तालमीतच ठरतं. सांगताना तो मांडीवर ठेका धरत होता. आणि तरीही तिन्ही कामांना त्याचं माप एकच होतं : टाळ्या. पार्श्वसंगीताकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, तर अनेकदा ते प्रसंगात मुरलेलं असतं. हा मात्र पडेल चेहऱ्याने घरी जायचा.

त्यात अमेरिकन संगीतकार डॅनी एल्फमन यांच्याशी स्वतःची तुलना. ‘त्यांना बँड, सिनेमा, बॅले सगळं जमलं!’ जमलं खरं, पण कसं? १९८५ पासून मोठ्या सिनेमांचं संगीत सुरू झालं तरी ओइंगो बोइंगो हा त्यांचा बँड १९९५ पर्यंत चालू होता. अमेरिकन बॅले थिएटरसाठी ‘रॅबिट अँड रोग’ या बॅलेचं संगीत आलं २००८ मध्ये. आपल्याला यादी एकदम दिसते, मधली वर्षं दिसत नाहीत. हे ऐकून तो जरा सैलावला.

मी त्याला एक वही करायला सांगितली. प्रत्येक कामानंतर दोनच ओळी : मला का बोलावलं आणि काम कशामुळे जमलं. काही आठवड्यांनी त्यानेच वाचून दाखवलं. तिन्हीकडचे लोक साधारण एकच गोष्ट सांगत होते : हा दुसऱ्याला जागा देऊन वाजवतो.

एवढ्याने सगळं सुटलं असं नाही. दौऱ्याच्या तारखा आणि सिनेमाची डेडलाइन अजूनही एकमेकांवर आदळतात. हल्ली आम्ही वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून बसतो. नृत्याचं एक काम त्याने नुकतंच नाकारलं. ‘आता ते परत बोलावणारच नाहीत’ ही धास्ती सध्या आमच्या बोलण्याचा विषय आहे.