जगाचा पुढारी की जगाचा धुरीण?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय ठरला: इतिहासातली एक व्यक्ती निवडून साऱ्या जगाचा कारभार तिच्या हाती द्यायचा, तर कुणाला निवडाल? विषय सगळ्यांना पसंत पडला. फळ्यावर लिहायला गेल्यावर मात्र अडलं. एक गुरुजी म्हणाले 'चक्रवर्ती' लिहा, दुसरे म्हणाले 'विश्वनेता'. बाईंनी 'जगाचा पुढारी' सुचवलं तर सगळे हसले. त्यात एका मुलीला कित्तूरच्या राणी चेन्नम्मांवर बोलायचंय, तिच्यासाठी 'नेता' चालेल का? यातला बरोबर शब्द कोणता, असं बाई विचारतात.

बाई, चुकीचा यातला एकही नाही. पण शब्द ठरला की निम्मी निवडही होऊन जाते. 'जगज्जेता' लिहिलंत तर पोरं थेट सिकंदरावर जातील. 'छत्रपती' म्हटलंत तर आपल्या भागात स्पर्धा घ्यायचीच गरज उरणार नाही.

'चक्रवर्ती' म्हणजे ज्याच्या रथाचं चाक कुठंही न अडता फिरतं तो. बौद्ध ग्रंथांतलं वर्णन तर याहून सुरस आहे: चाक आपलं आपण पुढं जातं, राजा सैन्य घेऊन त्याच्या मागून, आणि वाटेतले राजे न लढताच शरण येतात. म्हणजे खरा पुढारी चाकच! अशोकाला आपण सर्रास चक्रवर्ती म्हणतो, पण त्याच्या लेखांत ही पदवी नाही. तिथं तो 'देवानांपिय पियदसि राजा' आहे, म्हणजे देवांचा लाडका प्रियदर्शी राजा. 'अशोक' हे नाव असलेला त्याचा लेख पहिल्यांदा सापडला तो आपल्याच कर्नाटकात, रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीला, १९१५ साली. पुढं 'देवानांप्रिय' या शब्दाची संस्कृतात अशी काही घसरण झाली, की त्याचा अर्थ चक्क 'मूर्ख' झाला. पदव्यांचं नशीब हे असं असतं.

इकडच्या राजांनाही साधी बिरुदं पुरत नसत. कल्याणीच्या चालुक्यांमधला सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) स्वतःला 'त्रिभुवनमल्ल' म्हणवी, म्हणजे तिन्ही लोकांतला पैलवान. राज्य दख्खनचं, बिरुद त्रैलोक्याचं. आमच्याकडं कुस्तीच्या फडात मैदान मारलेल्यालासुद्धा एवढं कुणी म्हणत नाही. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाला 'जगद्गुरू' म्हणत. बादशहा गाण्याबजावण्याचा भोक्ता, त्यामुळं हे बिरुद मला तरी गोड वाटतं. दिल्लीकडं बघाल तर जहांगीर म्हणजे जग घेणारा, शाहजहान म्हणजे जगाचा राजा, आणि आलमगीर म्हणजे पुन्हा जग घेणाराच. आजोबांनी घेतलेलं जग नातवाला नव्यानं घ्यावं लागलं, तेव्हा मधे ते निसटलं असणार.

या सगळ्या शब्दांत जग कुणाच्या मालकीचं ते कळतं. ते चालवायचं कुणी, हे त्यांत कुठंच नाही. तुमच्या विषयाला नेमकं तेच हवंय.

मग पुढारी का नको? पुढं असतो तो पुढारी, इतका सरळ मराठी शब्द. एके काळी त्याला एवढं वजन होतं, की कोल्हापुरात दैनिक निघालं त्याचं नावच 'पुढारी' ठेवलं, आणि ते आजही बेळगावात सकाळच्या चहाबरोबर वाचलं जातं. माणसाला मात्र 'लई पुढारी झालास की रे' म्हटलं तर तो चिडतो. 'म्होरक्या'चं तेच झालं. म्होरं चालणारा तो म्होरक्या, पण आता टोळीशिवाय तो दिसत नाही. कन्नडमध्ये याच बांधणीचा 'मुंदाळु' आहे: 'मुंदे' म्हणजे पुढं, 'आळु' म्हणजे माणूस. तिथं शब्द अजून शाबूत आहे. शिवाय कन्नडमध्ये 'आळु' हे नाम म्हणून आलं तर गडी, चाकर, आणि क्रियापद म्हणून आलं तर राज्य करणं! आपल्या पुढाऱ्यात ही सोय नाही.

'नेता' संस्कृतातला, 'नी' धातूपासून आलेला. नेणारा तो नेता. स्त्रीलिंगी रूप 'नेत्री'. आपण 'अभिनेत्री' बिनदिक्कत म्हणतो, पण नुसतं 'नेत्री' म्हटलं की डोळ्यांचा दवाखाना आठवतो. वर्तमानपत्रांनी 'ज्येष्ठ नेत्या' असं आदरार्थी अनेकवचन काढून वेळ निभावलीय. चेन्नम्मांसाठी ते चालेल, पण एकेरीत बोलायची वेळ आली की गाडी पुन्हा अडते. 'विश्वनेता' मला पोस्टरवरचा वाटतो, म्हणून सोडतो. आणि कुणी 'नेतृत्व देणे' लिहिलं तर खोडा. मराठीत नेतृत्व करतात.

माझा कौल 'धुरीण'ला. 'धुर्' म्हणजे जू, ते वाहणारा तो धुरीण. हंगामात कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या तुमच्या मुलांनी पाहिल्यात, त्यामुळं धुरा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही. पुढारी नुसता पुढं असतो, धुरीण ओढत असतो. या शब्दानं बघितलं तर अशोकही वेगळा दिसतो. जेवत असो वा अंतःपुरात असो, लोकांचं काम आलं तर मला तिथं येऊन सांगा, असं त्यानं सहाव्या शिलालेखात कोरून ठेवलंय. हा माणूस चक्रवर्तीपेक्षा धुरीण म्हणून मला जास्त पटतो.

पुल्लिंग-स्त्रीलिंगाची अडचणही इथं येत नाही. 'समाजधुरीण' आपण कुणालाही म्हणतो. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाचे. एक वर्ष त्यांनी ते जू मानेवर घेतलं. पुढच्या वर्षी कानपूरला ते सरोजिनी नायडूंकडं गेलं. त्यांच्या 'नायडू'त आणि आपल्याकडच्या 'नाईक'मध्ये तोच 'नी' धातूचा 'नायक' लपलाय, हे जाता जाता.

तेव्हा फळ्यावर असं लिहा: 'इतिहासातल्या कोणत्या व्यक्तीच्या खांद्यावर जगाची धुरा द्याल?' चेन्नम्मा, अशोक, शिवाजी महाराज, सगळे यात बसतील. फक्त 'धु' ऱ्हस्व काढा. दीर्घ काढलात तर पोरं जगाला आग कुणी लावली ते शोधत बसतील.