'अनुवांशिक' नको, 'आनुवंशिक' लिहा. आणि वंश म्हणजे मुळात वेळू

लातूरहून बारावीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "क्लासच्या नोट्समध्ये 'अनुवांशिक आजार' असतं, पुस्तकात 'आनुवंशिक' असतं, पेपरात कधी 'जनुकीय आजार' तर कधी 'जन्मजात आजार'. हे सगळं एकच का? यातलं बरोबर कोणतं? आणि गुणसूत्राला काही जण रंगसूत्र का म्हणतात?"

आधी 'अनुवांशिक'चा निकाल लावतो, कारण या शब्दानं माझं डोकं बरीच वर्षं उठवलंय. नीटच्या तयारीसाठी अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं लातुरात येतात आणि इथल्या फळ्यांवरून हा शब्द वहीत उतरवून आपापल्या गावी घेऊन जातात. दवाखान्यातल्या पाट्यांवर तोच, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत तोच, बियाण्यांच्या मेळाव्यात माइकवरही तोच. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा सरळ छापलेला असताना!

नियम साधा आहे. संस्कृत शब्दाला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे तो वाढतो (अ चा आ, ऊ चा औ). समाज-सामाजिक, प्रदेश-प्रादेशिक, भूगोल-भौगोलिक, अनुषंग-आनुषंगिक. त्याच रांगेत अनुवंश-आनुवंशिक. मधल्या 'वं'ला हात लावायचं कारणच नाही. 'अनुवांशिक' चालत असेल तर प्रदेशापासून 'प्रदैशिक'ही चालवा.

चूक कुठून आली तेही उघड आहे. नुसत्या 'वंश'पासून 'वांशिक' होतो आणि तो शुद्धच आहे. 'वांशिक दंगली', 'वांशिक भेदभाव' हे बातम्यांत रोज कानावर पडतं. त्या तयार 'वांशिक'ला पुढून 'अनु' चिकटवला की झाला 'अनुवांशिक'.

एक शुद्धलेखनतज्ज्ञ मला नेहमी ऐकवतात की पाणिनीनंच काही शब्दांत दोन्ही पदांची वृद्धी सांगितली आहे, 'अनुशतिकादीनां च' या सूत्रात. परलोक-पारलौकिक, अधिभूत-आधिभौतिक. मग अनुवंशाला का नको? अहो, त्या सूत्राखालची शब्दांची यादी कितीही मोकळी धरली तरी तिथं पहिला स्वर आधी वाढतो, मग दुसऱ्या पदाचा. त्या न्यायानं फार तर 'आनुवांशिक' होईल. 'अनुवांशिक'मध्ये पहिलं पद जागेवर झोपलेलं आणि दुसरं उगाच उठून बसलेलं. पाणिनीचं नाव घ्यायचं तर सूत्र पूर्ण वाचून घ्यावं. आणि 'रूढ झालं ते शुद्ध' हा युक्तिवाद तेच गृहस्थ 'उज्ज्वल'ऐवजी 'उज्वल' लिहिण्याच्या बाबतीत मात्र ऐकून घेत नाहीत.

असो. 'अनुवंश'मधल्या 'अनु'चा अर्थ 'मागोमाग' हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरी मजा 'वंश'मध्ये आहे. वंश म्हणजे वेळू. कळक. बांबू.

ऋग्वेदातल्या पहिल्या मंडलाच्या दहाव्या सूक्ताची पहिलीच ऋचा बघा: 'ब्रह्माणस्त्वा शतक्रत उद्वंशमिव येमिरे'. इंद्राला म्हटलंय की स्तुती करणाऱ्यांनी तुला वेळूसारखं, खांबासारखं वर उचलून धरलं. इथं कुळाचा, पिढ्यांचा काही संबंध नाही. पिढ्यांची ओळ हा अर्थ नंतर आला, आणि तो वेळूच्या अंगावरूनच आला. वेळूला पेरं असतात. एका पेरातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. अमरसिंहाच्या 'अमरकोश' या जुन्या संस्कृत कोशात वेळूची नावं दिलीत त्यात 'शतपर्वा' आहे, म्हणजे शंभर पेरांचा. त्याच ओळींत 'तृणध्वज' आहे, गवताचा झेंडा! बांबू हे गवतच आहे हे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात पोरांना सांगितलं की ती चकित होतात. अमरसिंहाला ते माहीत होतं.

माझे एक संस्कृतचे प्राध्यापक मित्र म्हणतात, वेळूचा वंश आणि कुळाचा वंश हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगानं सारखे दिसतात. मला हे बिलकूल पटत नाही. योगायोग असता तर पाठीच्या कण्याला 'पृष्ठवंश' कुणी म्हटलं असतं? मणक्यावर मणका, पेरावर पेर. आठवीतलं पोरगंही 'पृष्ठवंशीय प्राणी' पाठ म्हणतं, पण त्यातला 'वंश' म्हणजे कुळ नव्हे, पाठीतला वेळू, हे त्याला कुणी सांगत नाही. एकाच पुस्तकात पृष्ठवंशीय आणि आनुवंशिक दोन्ही येतात. पहिल्यात वंश अजून वेळूच आहे, दुसऱ्यात त्याच्या पिढ्या झाल्यात.

आपल्या बोलीत तर हा वेळू घराघरात आहे. वंशाचं प्राकृतात 'वंस' झालं, त्याचं मराठीत 'वांसा', आणि अनुस्वार गळून 'वासा'. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, त्यातला वासा हाच. आमच्याकडं जुनी घरं माळवदाची, तुळयांवर माती टाकलेली. तरी गोठ्याच्या छपराला वासेच लागत आणि ते बहुतेक वेळूचेच असत. बासरीतला 'बास'ही त्याचाच, उत्तरेकडून 'ब' घेऊन आलेला. म्हणजे वासा, बासरी, पृष्ठवंश आणि आनुवंशिकता ही सगळी एकाच बेटातली कळकं.

वंश म्हणजे रक्ताचंच नातं असंही मुळात नव्हतं. बृहदारण्यक उपनिषदात 'अथ वंशः' म्हणून याद्या दिल्या आहेत, त्या गुरू-शिष्यांच्या. कुणाकडून कुणी विद्या घेतली, एवढंच त्यात. सहाव्या अध्यायातल्या यादीत तर सुरुवातीची बरीच नावं आईवरून आहेत: पौतिमाषीपुत्र कात्यायनीपुत्राकडून शिकला, कात्यायनीपुत्र गौतमीपुत्राकडून. पैठणच्या सातवाहनांत गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी आहेत, तीच रीत. वंश म्हटलं की बापाची ओळ हे गृहीत धरणाऱ्यांनी निदान पैठणला तरी जाऊन यावं.

आता इथं जीवशास्त्र आडवं येतं. वेळूचं बेट एका कंदातून पसरतं. एका कंदाच्या बेटातल्या सगळ्या कळकांचा डीएनए जवळपास एकच असतो. याला आज क्लोन म्हणतात. म्हणजे 'वंश' हा शब्द ज्याच्यावरून घेतला तिथं फेरफार होतच नाही, पेरामागून पेर तेच येतं. आणि ब्रनोच्या मठात मेंडेलनं वाटाण्यावर जे पाहिलं, 1865 मध्ये वाचून दाखवलं आणि 1866 मध्ये छापलं, ते नेमकं याच्या उलट होतं. प्रत्येक पिढीत जोडीतला एकच घटक पुढं जातो, दुसरा मागं राहतो. जननपेशी बनताना होणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात माणसाच्या 23 जोड्यांतलं एकेक गुणसूत्र निवडलं जातं. नुसत्या निवडीनंच 83,88,608 प्रकारची जननपेशी तयार होऊ शकते. क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांनी तुकड्यांची केलेली अदलाबदल, धरलं तर हिशेबच संपला. आजोबांचं चौथाई तुमच्यात येतं, तेही सरासरीनं. पेराला पेर जोडून इथं काही सरळ वर जात नाही.

हे आपल्या रानातच बघता येतं. बीटी कापसाचं, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाचं, पाकीट आणलं की त्यातली जवळपास सगळी सरकी बीटी असते. पण संकरित वाणात बीटीचं जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेलं असतं, म्हणून त्या झाडाला लागलेल्या बोंडातली सरकी एकसारखी नसते, काही बीटी निघते, काही बिनबीटी. एका जनुकाच्या वाणात तिनास एक; दोन जनुकांचं बीजी-2 आपल्याकडं 2006 मध्ये आलं, त्यात नऊ-तीन-तीन-एक. मेंडेलचं जे गुणोत्तर वहीत चौकोन आखून पाठ करायचं, ते परभणी-जालन्याच्या काळ्या रानात एकेका बोंडात बसलेलं आहे. गुलाबी बोंडअळी सरकी पोखरते तेव्हा तिला एका बोंडात विषारी दाणेही मिळतात आणि बिनविषारीही. थोड्या विषावर जगायची तिला सवय लागली, त्याची जी कारणं तज्ज्ञ देतात त्यांत हेही आहे. 2017 मध्ये या अळीनं कापसाचं काय केलं ते कापूस लावणाऱ्यांना सांगायला नको.

वेळूसारखी सरळ पेरापेरानं जाणारी आपल्या शरीरात दोनच ओझी. एक वाय गुणसूत्र, जे बापाकडून लेकाला जातं, आणि त्याचाही बराचसा भागच न मिसळता जातो. दुसरं तंतुकणिकेतला (मायटोकॉन्ड्रियातला) डीएनए, जो आईकडून सगळ्या लेकरांना जातो. मात्र पुढं पोचतो तो लेकींच्याच हातून. त्यात 16,569 अक्षरजोड्या आणि 37 जनुकं. आता 'वंशाचा दिवा' म्हणून जो मिरवला जातो त्याच्याकडं एकट्याचं असं काय, तर वाय, ज्याच्यावर एक्सच्या मानानं मूठभर जनुकं. बाकी सगळं लेकीकडंही तितकंच. शिवाय पोटातलं मूल मुलगा की मुलगी, हे बापाकडून एक्स आला की वाय यावर ठरतं आणि बोल मात्र सुनेला. बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या. बृहदारण्यकातल्या त्या ऋषींनी आईचं नाव लावून वंश सांगितला तेव्हा तंतुकणिका त्यांना ठाऊक नव्हती, पण ओळ त्यांनी अचूक पकडली, असं आपलं मला वाटतं. याला पुरावा मागू नका.

प्रश्न आजारांचा होता. ते एकच नाहीत.

आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून आलेला. सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या, जो विदर्भात आणि आमच्या किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात आढळतो. हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडंही बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के.

जनुकीय म्हणजे जनुकात बिघाड झालेला. तो वारशानं आलेला असो वा नसो. कर्करोग हा जनुकांच्या बिघाडाचा आजार आहे, पण बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात, बिघाड त्या माणसाच्याच पेशींत आयुष्यात कधीतरी होतो. डाऊन सिंड्रोममध्ये 21 वं गुणसूत्र एक जास्त असतं, हे 1959 मध्ये दाखवलं गेलं. तो जन्मापासून असतो, पण बहुतेकदा आईबापांत तो नसतोच.

जन्मजात म्हणजे जन्मताना असलेला, कारण काहीही असो. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं. हे जन्मजात आहे, आनुवंशिक नाही. उलट हंटिंग्टनचा मेंदूचा आजार आनुवंशिक, पण लक्षणं दिसतात ती बहुधा तिशी-चाळिशी उलटल्यावर. एमसीक्यूमध्ये हे तीन पर्याय शेजारी शेजारी आले तर इथंच फसवतात.

'जनुक' मात्र झकास घडवलेला शब्द आहे. जोहान्सननं 1909 मध्ये 'जीन' हे नाव दिलं, ते ग्रीक धातूवरून; आणि तो ग्रीक धातू आपल्या 'जन्'चा सख्खा भाऊ. त्यामुळं 'जनुक' हे भाषांतर वाटतच नाही. कामुक, घातुक यांतला 'उक' पाणिनीनं मोजक्या धातूंना लावलाय आणि त्यात 'जन्' नाही, म्हणून नाकं मुरडणारेही भेटतात. मुरडोत. पारिभाषिक शब्द घडवायचा तर एवढी मोकळीक हवीच.

राहिलं रंगसूत्र. वाल्डेयरनं 1888 मध्ये क्रोमोसोम हे नाव ठेवलं तेव्हा ही सूत्रं करतात काय, हे धड कुणाला ठाऊक नव्हतं. रंग टाकला की गडद दिसतात, एवढंच दिसत होतं. म्हणून रंग. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोक ॲसिटोकार्माइनमध्ये बुडवून काचपट्टीवर चिरडलंत की तोच लाल रंग दिसेल, आणि नशीब असेल तर सोळाच्या सोळा मोजता येतील. गुणांचा आणि या सूत्रांचा संबंध सटन आणि बोव्हेरी यांनी 1902-03 मध्ये मांडला. 'रंगसूत्र' परदेशी शब्दाशी इमान राखतं, 'गुणसूत्र' त्या वस्तूच्या कामाशी. मी गुणसूत्राच्या बाजूनं. संस्कृतात 'गुण' म्हणजेही दोरा, धनुष्याची दोरी. दुप्पट-तिप्पटचं 'द्विगुण', 'त्रिगुण' हे दोरीच्या पदरांवरूनच. त्यामुळं 'गुणसूत्र'मध्ये दोरा दोनदा आलाय, असं एका कोशकारांनी दोष म्हणून दाखवलं होतं. आत डीएनएच्या दोन पदरांचा पीळ आहे हे 1953 मध्ये कळल्यावर तर मला तो दोष वाटेनासाच झालाय.

पेपरात 'गुणसूत्र'च लिहा, 'रंगसूत्र' वाचता आलं तरी पुरे. नोट्समधलं 'अनुवांशिक' मात्र आजच पेननं खोडा.