नऊचा मेसेज दुपारी अडीचला, तोही चार वेळा!

प्रश्न : सर, मी एका पतसंस्थेसाठी फ्लास्कमध्ये (पायथनची वेब फ्रेमवर्क) छोटं वेब अ‍ॅप बनवलंय. उद्या ज्याचा हप्ता आहे त्याला आज सकाळी ९ ला एसएमएस जायला पाहिजे, म्हणून अ‍ॅपच्याच कोडमध्ये एपीशेड्युलर (ठरलेल्या वेळी काम चालवणारी पायथन लायब्ररी) लावला. लॅपटॉपवर डीबग मोडमध्ये मेसेज दोनदा यायचा, म्हटलं असेल काहीतरी, पण सर्व्हरवर टाकल्यावर (लिनक्स, त्यावर अ‍ॅप चालवायला गनिकॉर्न, ४ वर्कर) चार-चार जायला लागले आणि तेही दुपारी अडीचला. एक दिवस तर गेलेच नाहीत. परवा एक काका मोबाईल घेऊन ऑफिसातच आले, "मी काय कर्जबुडवा वाटलो का तुम्हाला?" सगळे म्हणतात सेलरी (कामं वेब अ‍ॅपच्या बाहेर चालवणारं टूल) लाव. लावू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नको, एवढ्यात नको. आधी चार का जातायत ते बघू, कारण उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, ४ वर्कर. प्रत्येक वर्कर म्हणजे वेगळी प्रोसेस, तुमच्या अ‍ॅपची वेगळी चालती प्रत, प्रत्येकाने तुमचा कोड आपापला लोड केला आणि आपापला शेड्युलर चालू केला. शाळेत चार शिपाई, चौघांच्या हातात घंटा, आणि कोणाचं कोणाशी बोलणं नाही, तसं झालंय. लॅपटॉपवर दोनदा यायचं कारणही तेच, डीबग मोडचा रीलोडर (कोड बदलला की अ‍ॅप आपोआप पुन्हा सुरू करणारा) तुमची फाईल दोन प्रोसेसमध्ये चालवतो. तेव्हाच खोदून बघितलं असतं तर काका आले नसते, असो.

अडीचचं सोपंय. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे, आपण साडेपाच तास पुढे, त्याचे ९ वाजले की आपले अडीच. आणि ज्या दिवशी गेलेच नाहीत त्या दिवशी अडीचच्या सुमाराला नवीन कोड टाकून रिस्टार्ट मारला होता का आठवा, मारला असेल तर शेड्युलर उठला तेव्हा वेळ टळून गेलेली, मग तो थेट दुसऱ्या दिवसाची वाट बघत बसणार.

वर्कर एकच ठेवला तर चार मेसेज थांबतील हो, पण रिस्टार्टचं दुखणं तसंच राहणार. वेब अ‍ॅपचं काम रिक्वेस्ट आली की उत्तर द्यायचं, घड्याळाकडे बघत बसायचं नाही. म्हणून मेसेज पाठवायचा कोड वेगळ्या स्क्रिप्टमध्ये काढा आणि ती क्रॉनला (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) द्या. क्रॉनच्या ओळीत मिनिटाच्या जागी ३०, तासाच्या जागी ३, पुढे तीन चांदण्या (*), म्हणजे यूटीसीचे साडेतीन, आपले बरोबर ९. इथे सगळे एकदा तरी अडकतातच, स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते आणि क्रॉनमधून चालत नाही, कारण क्रॉनला तुमचा पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी), तुमचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टच्या लायब्ररी ठेवलेला पायथनचा वेगळा सेटअप) यातलं काही माहीत नसतं. त्यामुळे पायथनचा आणि स्क्रिप्टचा दोन्हीचा पूर्ण पत्ता लिहा आणि आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाईलमध्ये वळवा, नाहीतर काय बिघडलं ते कळणारच नाही.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, आणि ही क्रॉन असो की सेलरी, कशालाही लागतेच. डेटाबेसमध्ये एक टेबल करा, कर्ज खाते क्रमांक आणि हप्त्याची तारीख, दोन्ही मिळून युनिक, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा चालणार नाही. मेसेज पाठवायच्या आधी तिथे ओळ घाला, स्टेटस "पाठवतोय", कमिट करा म्हणजे ओळ पक्की होईल, मग पाठवा, मग "गेला" करा. ओळ आधीच असेल तर डेटाबेस दुसरी घेणारच नाही, एरर देईल, तो पकडून पुढच्या खात्याकडे जा. मग स्क्रिप्ट चुकून दहादा चालली तरी मेसेज एकच. मधेच लाईट गेली तर एखादी ओळ "पाठवतोय" वरच अडकेल, ती डोळ्यांनी बघा, आपोआप परत पाठवायच्या फंदात पडू नका. पैशाच्या बाबतीत एक मेसेज कमी गेलेला परवडतो.

सेलरी वाईट नाही, पण त्याच्याबरोबर कामांची रांग ठेवायला रेडिस आलं, ती कामं करणारा सेलरीचा वर्कर आला, वेळापत्रक बघणारा बीट आला (तोही एकच चालवायचा हं, दोन चालले की पुन्हा हेच रामायण), हे सगळं जिवंत ठेवायला माणूस कोण, तुम्हीच ना? दिवसातून एकदा काहीशे मेसेज, एवढ्यासाठी कशाला. उद्या बटण दाबल्यावर मोठा रिपोर्ट बनवायचा असला आणि पान अडकायला लागलं, गनिकॉर्न ३० सेकंदांनी वर्कर मारायला लागला, तेव्हा लावा की.

नवीन स्क्रिप्ट पहिले दोन दिवस फक्त स्वतःच्या नंबरवर चालवा. आणि त्या काकांची माफी मेसेज पाठवून मागू नका, फोन करा.