परकर शिवायचा की कळीदार घागरा? आधी काठ बघा

पहिलाच घेरदार कपडा शिवताय, तर कापडाला काठ आहे का ते आधी बघा. जरीचा काठ तिरका कापला की त्याची सरळ रेघ मोडते. म्हणून आपला परकर सरळ पट्टीचाच असतो. कमरेच्या अडीच ते तीनपट कापड घेऊन वर चुण्या घालायच्या. वाढत्या मुलीसाठी काठाच्या वर आतून दोन इंची दुमड ठेवा, पुढे उसवून लांबी वाढवता येते.

काठ नसेल तर कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा पट्ट्या. पुण्याच्या रविवार पेठेत कापड घेताना पन्हा (कापडाची रुंदी) विचाराच. बारा कळ्या, नाडीचा नेफा (नाडी ओवायची वरची पट्टी) आणि कुल्ले ३६ इंच असतील तर प्रत्येक कळी वर ३ इंच अधिक शिलाईचा १ इंच, खाली ९ अधिक १. घेर १०८ इंच येतो. इथे हमखास चूक होते: वरचं माप कमरेचं धरतात आणि घागरा कुल्ल्यांवर अडकतो. एक कळी सुलटी, एक उलटी आखली की कापड वाचतं.

तिरकी कड ओढून शिवू नका, ती ताणते. शिवून झाल्यावर घागरा एक दिवस टांगून ठेवा, मगच तळ दुमडा. नाहीतर तिरके भाग नंतर लोंबतात आणि तळ वरखाली दिसतो.

स्कॉटलंडच्या किल्टला, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या घड्यांच्या घागऱ्याला, साधारण आठ यार्ड कापड लागतं; त्यातलं बहुतेक मागच्या घड्यांत बसतं, पुढचा भाग मात्र सपाट. चुण्यांऐवजी घड्या घातल्या की कंबर फुगत नाही. जाड कापडाला हीच पद्धत वापरा.